केसांसाठीची गोळी, आणि ज्या मुलांना ती जन्मभर लागते

बायोटिनची गोळी मागायला फार्मसीत येणारी बहुतेक माणसं केसांसाठी येतात. बाळंतपणानंतर कंगव्यात पुंजके येऊ लागलेल्या बायका, लग्न ठरलेल्या मुली, आणि आताशा पंचविशीतच कपाळ मोठं दिसू लागलेले मुलगे. ५ नाहीतर १० मिलिग्रॅमची गोळी, खोक्यावर लांबसडक केसांच्या बाईचं चित्र. केस खरंच वाढतात का, हा प्रश्न वेगळा. ज्यांच्या शरीरात बायोटिन पुरेसं आहे त्यांना ही गोळी घेऊन फायदा होतो याला भक्कम पुरावा नाही, आणि कुणी विचारलं तर मी तसं सांगतोही. लोक ऐकून घेतात आणि गोळी नेतात.

पण काही थोडी मुलं अशी असतात की त्यांच्यासाठी हीच गोळी खरोखरीचं औषध आहे, आणि जन्मभराचं आहे. त्यांच्या शरीरात बायोटिनिडेज नावाचं एक एन्झाइम जन्मापासून नसतं किंवा नावापुरतं असतं. गोळी वेळेत सुरू झाली नाही तर या मुलांना झटके येतात, काहींचे कान जातात, काहींची नजर जाते, आणि दगावणारीही असतात. वेळेत सुरू झाली तर ती इतर पोरांबरोबर शाळेत जातात, सायकलवरून पडतात, गणिताच्या पेपराला घाबरतात. आनुवंशिक चयापचयाच्या आजारांत इतकी स्वस्त आणि इतकी गुणकारी उपचारपद्धती क्वचितच सापडते. तरीही यात मुलं गमावली जातात. औषध मिळत नाही म्हणून हे होत नाही. आजार उशिरा कळतो, किंवा कळल्यावर गोळीत खंड पडतो, म्हणून होतं.

मी गोव्यात औषधांच्या काउंटरमागे उभा राहणारा माणूस आहे, डॉक्टर नव्हे. डोस ठरवणं बालरोगतज्ज्ञाचं आणि चयापचय विकारांच्या तज्ज्ञाचं काम. इथे फक्त आजार काय आहे, गोळी काय करते आणि घरच्यांनी काय सांभाळायचं ते सांगतो.

बिघाड नेमका कुठे

बायोटिन म्हणजे ब गटातलं एक जीवनसत्त्व, बी-७. जुन्या पुस्तकांत त्यालाच व्हिटॅमिन एच म्हटलेलं आढळेल. अंड्याचा बलक, कलेजी, शेंगदाणे, डाळी, मासे अशा नेहमीच्या खाण्यातून ते मिळतं. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम पुरतं, म्हणजे एका मिलिग्रॅमचा तेहेतिसावा हिस्सा. इतकं थोडं लागतं की आहारातून त्याची कमतरता होणं सहसा घडतच नाही.

हे एवढंसं बायोटिन शरीरात पाच एन्झाइमांना चिकटून काम करतं. त्या पाचांकडे मोठी खाती आहेत: उपाशीपोटी नवी साखर तयार करणं, चरबीतले घटक बनवणं, आणि प्रथिनांतून आलेली काही अमिनो आम्लं मोडून त्यांची वासलात लावणं. बायोटिन नसेल तर ही एन्झाइमं नुसती पडून राहतात. मग रक्तात लॅक्टिक आम्ल आणि इतर सेंद्रिय आम्लं साठतात, काही वेळा अमोनियाही वाढतो. याचा फटका सगळ्यात आधी मेंदूला आणि कातडीला बसतो.

आता बायोटिनिडेजचं काम काय? पूर्वीची काचेची सोडा बाटली आठवा. सोडा पिऊन झाला की रिकामी बाटली दुकानात परत जायची, तिथून कारखान्यात, धुऊन पुन्हा भरली जायची. बायोटिनचंही तसंच. जुनी झालेली एन्झाइमं शरीर मोडून टाकतं तेव्हा बायोटिन प्रथिनाच्या एका तुकड्याला घट्ट चिकटलेलं राहतं. या जोडगोळीला बायोसायटिन म्हणतात. त्यातून बायोटिन सुटं करून पुन्हा कामाला पाठवणारा जो गडी, तो बायोटिनिडेज. तो नसला तर भरलेली प्रत्येक बाटली एकदाच वापरून फेकली जाते. बायोसायटिन लघवीतून निघून जातं. भरीला, खाण्यातलं बरंचसं बायोटिनही प्रथिनांना चिकटलेलंच असतं. तेही याच एन्झाइमाने सुटं करायचं असतं. म्हणजे आवकही कमी आणि परतावाही बंद.

उपचार इतका सोपा का, ते इथेच समजतं. बाटल्या परत येत नाहीत ना, मग रोज नव्या बाटल्या पुरवायच्या. गोळीतलं बायोटिन सुटंच असतं, कशाला चिकटलेलं नसतं, त्यामुळे एन्झाइमाची गरजच उरत नाही. बिघडलेलं जनुक तसंच राहतं, एन्झाइम काही परत येत नाही, पण त्याच्यावाचून अडणारं काम अडत नाही.

सगळ्या आनुवंशिक चयापचय विकारांचं असं होत नाही, हेही सांगायला हवं. गॉशे नावाच्या आजारात नसलेलं एन्झाइमच दर दोन आठवड्यांनी शिरेतून द्यावं लागतं आणि त्याचा खर्च ऐकून माणूस खुर्चीत बसतो. टायरोसिनिमियाच्या एका प्रकारात निटिसिनोन हे औषध विषारी पदार्थ तयार होण्याच्या आधीची वाटच अडवतं, आणि शिवाय प्रथिनांचं काटेकोर पथ्य असतं. बायोटिनिडेजच्या मुलाला असलं पथ्य नाही. भात, हुमण, तळलेली सुंगटं, दूध, उसळ, सगळं चालतं. एक कच्चं अंडं तेवढं सोडायचं, त्याकडे पुढे येतो.

बाळ जन्मतं तेव्हा काहीच दिसत नाही

आईच्या पोटात असताना बाळाला आईकडून बायोटिन मिळत असतं. त्या शिदोरीवर काही आठवडे निघून जातात. बाळ नऊ महिने भरून आलेलं, वजन चांगलं, रडणं खणखणीत. बारसं होतं, सगळे खुशीत. त्रास सुरू होतो तो साधारण दुसऱ्या ते पाचव्या महिन्यात. काहींना पहिल्याच आठवड्यात होतो, तर काहींना कित्येक वर्षं काही होत नाही.

सुरुवात बहुधा झटक्यांनी होते. फिट येते, झटक्यांची नेहमीची औषधं देऊनही थांबत नाही. बाळ लुळं पडल्यासारखं होतं, मान धरत नाही. डोळ्यांभोवती, तोंडाभोवती, लंगोटाच्या जागी लालसर, ओलसर चट्टे उठतात. बुरशीचा संसर्ग वारंवार होतो. केस पातळ होतात, काही मुलांच्या भुवया आणि पापण्याही झडतात. श्वास घरघरतो किंवा मधेच थांबल्यासारखा होतो. हे सगळं एकाच मुलात दिसेलच असं नाही, आणि इथेच घोळ होतो. चट्टे म्हणून एका डॉक्टरकडे, झटके म्हणून दुसऱ्याकडे, ऐकू येत नाही म्हणून तिसऱ्याकडे. तिन्ही कागद एका टेबलावर यायला महिने जातात. तोवर मलमांच्या ट्यूबा संपत असतात, आणि घरातलं कुणीतरी दृष्ट काढत असतं. दृष्ट काढायला माझी हरकत नाही, पण लहान बाळाला चट्टे आणि झटके दोन्ही असतील तर डॉक्टरला तोंडाने विचारा: चयापचयाचा आजार असू शकेल का?

या आजाराची ओळख तशी अलीकडची. ब गटातल्या या जीवनसत्त्वाने सुधारणारी मुलं डॉक्टरांना आधीपासून माहीत होती, पण मूळ दोष बायोटिनिडेजमध्ये आहे हे अमेरिकेतल्या बॅरी वुल्फ यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली दाखवलं. दुसऱ्याच वर्षी, १९८४ मध्ये, व्हर्जिनिया राज्यात नवजात बाळांची या आजारासाठी तपासणी सुरू झाली. शोध आणि तपासणी यांत एवढं कमी अंतर असण्याचं कारण सरळ आहे: लक्षणं दिसण्याआधी गोळी सुरू केली तर मूल पूर्ण निरोगी राहतं, आणि लक्षणांनंतर सुरू केली तर सगळं भरून येत नाही.

उशीर झाला तर काय परत येतं, काय नाही

आधीच आजारी झालेल्या बाळाला गोळी दिली तर घरच्यांना चमत्कार वाटावा असे बदल होतात. झटके काही तासांत किंवा दिवसांत थांबतात. रक्तातलं आम्ल खाली येतं, श्वास सुधारतो. चट्टे काही आठवड्यांत जातात, केस हळूहळू परत येतात.

पण गेलेली श्रवणशक्ती बहुतेक वेळा परत येत नाही. डोळ्याच्या मज्जातंतूला इजा झाली असेल तर तीही राहते. विकासात मागे पडलेलं मूल पुढे सरकतं, पण किती, हे कुणालाच आधी सांगता येत नाही. उपचार न मिळालेल्या आणि लक्षणं दिसलेल्या तीव्र प्रकारातल्या मुलांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश मुलांना ऐकण्याचा दोष राहिलेला आढळला होता. गोळी या मुलांनाही द्यावीच लागते, कारण तिने पुढचं नुकसान थांबतं. कानाचं यंत्र किंवा कॉक्लियर इम्प्लांट, स्पीच थेरपी ही कामं वेगळी करावी लागतात.

गोळी: किती, कशी, कधीपर्यंत

निरोगी माणसांच्या सरासरीच्या १० टक्क्यांपेक्षा कमी एन्झाइम असेल तर त्याला तीव्र कमतरता म्हणतात, १० ते ३० टक्के असेल तर आंशिक. तीव्र प्रकारात साधारणपणे रोज ५ ते १० मिलिग्रॅम बायोटिन तोंडाने देतात. मुलाच्या वजनावर हा डोस फारसा अवलंबून नसतो, त्यामुळे तान्ह्या बाळालाही दहाची गोळी लिहिलेली पाहिली तर दचकू नका. काउंटरवर अशी चिठ्ठी आली की सोबत आलेली आजी हमखास विचारते, "अरे बाब, एवढ्याशा पोराला केसांची गोळी कशाला?" तिचं चुकत नाही. खोक्यावर चित्र केसांचंच असतं. १० मिलिग्रॅम म्हणजे मोठ्या माणसाच्या रोजच्या गरजेच्या तीनशेपटींहून जास्त, हेही खरं. पण बायोटिन पाण्यात विरघळणारं आहे, जास्तीचं लघवीतून जातं, आणि या डोसने मुलांना अपाय झाल्याचं वर्षानुवर्षांच्या वापरात दिसलेलं नाही. वयात येताना काही मुलींचे केस १० मिलिग्रॅमवर असतानाही गळू लागले आणि डोस १५ किंवा २० केल्यावर थांबले, असंही नोंदलं गेलं आहे. तो निर्णय डॉक्टरचा.

आंशिक प्रकाराबद्दल पूर्वी मतभेद होते. कित्येक मुलं गोळीवाचून ठीक राहायची. मात्र ताप, जुलाब, मोठी शस्त्रक्रिया अशा ताणाच्या वेळी त्यांच्यातल्या काहींचे केस गळाले, चट्टे उठले, अंगातलं त्राण गेलं. औषध निर्धोक आणि स्वस्त असताना जुगार कशाला खेळायचा, असा विचार करून आता आंशिक कमतरतेतही बहुतेक तज्ज्ञ गोळी देतात. मला हे पटतं.

आता देण्याची रीत. गोळी दोन चमच्यांमध्ये किंवा स्वच्छ वाटीत कुटून बारीक पूड करायची, चमचाभर आईच्या दुधात कालवायची आणि चमच्याने किंवा बिनसुईच्या सिरिंजने गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू द्यायची. चमच्याला चिकटलेलं उरतं, म्हणून आणखी थोडं दूध घालून तेही पाजायचं. बाटलीभर दुधात पूड टाकू नका. बायोटिन दुधात नीट विरघळत नाही, बाटलीच्या काचेला आणि बुचाला चिकटून बसतं, बाळ अर्धी बाटली सोडून झोपी गेलं तर किती पोटात गेलं ते कळतच नाही. पातळ औषध बनवून द्या असं काही पालक म्हणतात. सोयीचं वाटतं, पण द्रवात बायोटिन तळाला बसतं, वरच्या घोटात कमी आणि शेवटच्या घोटात जास्त असं होतं, आणि घरात ठेवलेल्या अशा मिश्रणात जंतू वाढतात. ताजी पूड उत्तम.

खरेदीबद्दल दोन गोष्टी, कारण ही माझ्या धंद्यातली बाब आहे. पहिली, एकक पाहा. परदेशी बाटल्यांवर आणि चघळायच्या गोळ्यांवर मायक्रोग्रॅम लिहिलेलं असतं. १०,००० मायक्रोग्रॅम म्हणजे १० मिलिग्रॅम. शून्य मोजताना गफलत झाली तर मुलाला दहावा हिस्साच मिळत राहतो आणि महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही. दुसरी, केसांसाठीच्या मिश्रणाच्या गोळ्या नकोत. त्यांत जस्त, सेलेनियम, जीवनसत्त्व अ आणि काय काय घातलेलं असतं. बाळाला ते रोज, वर्षानुवर्षं देणं बरोबर नाही. नुसतं बायोटिन असलेली गोळी मागा, एकच ब्रँड ठरवा आणि फार्मसीवाल्याला सांगून ठेवा की ही केसांसाठी नाही. एकदा सांगितलंत की आम्ही तुमच्यासाठी चार स्ट्रिपा बाजूला काढून ठेवतो. "स्टॉक संपला, पुढच्या सोमवारी या" हे वाक्य केसवाल्या गिऱ्हाइकाला चालतं, तुम्हाला नाही.

कच्च्या अंड्याचं कारण गमतीदार आहे. कच्च्या पांढऱ्यात अ‍ॅव्हिडिन नावाचं प्रथिन असतं, ते बायोटिनला इतकं घट्ट धरतं की आतड्यातून शोषलंच जात नाही. १९२० च्या दशकात कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यावर वाढवलेल्या उंदरांची कातडी खराब झाली, केस झडले, आणि त्याचं कारण शोधता शोधताच पुढे बायोटिन सापडलं. शिजवलं की अ‍ॅव्हिडिन निकामी होतं. त्यामुळे उकडलेलं अंडं, नीट भाजलेलं ऑम्लेट, वर रस ओतलेलं गाड्यावरचं रॉस ऑम्लेटसुद्धा चालेल. अंगात ताकद यावी म्हणून दुधात कच्चं अंडं फेटून देण्याची हौस मात्र नको, आणि घरी केलेलं मेयोनेझही नको.

कधीपर्यंत? कायम. खरी अडचण इथेच आहे. मूल वर्षानुवर्षं ठणठणीत राहतं, मग कुणाला तरी वाटतं की आता बरं झालं असेल. चतुर्थीला गावच्या घरी आठ-दहा दिवस गेलो, डबा फोंड्याला राहिला, काही झालं नाही. मग पुढच्या खेपेला कुणी डबा शोधतच नाही. शरीरातलं बायोटिन लगेच संपत नसल्यामुळे दोन-चार दिवस चुकले तर सहसा काही दिसत नाही, आणि म्हणूनच फसायला होतं. सोळा-सतरा वर्षांची मुलं तर गोळी लपवून ठेवतात. मित्रांत केसांची गोळी घेताना कोण दिसणार? किशोरवयात किंवा नंतर कमतरता उघड झालेल्या, अथवा औषध सोडलेल्या रुग्णांत अचानक दोन्ही डोळ्यांची नजर मंदावणं आणि पाय ताठून अशक्त होणं, असं दिसून आलेलं आहे. लहान बाळाच्या झटक्यांपेक्षा हे चित्र इतकं वेगळं असतं की नव्या डॉक्टरला जुना आजार सांगितला नाही तर तो भलत्याच दिशेला शोध घेत बसतो. म्हणून मुलाला समज आली की आजाराचं नाव त्याच्याच तोंडून घोकून घ्या. पाकिटात एक चिठ्ठी असू द्या. वर्षातून एकदा कानांची आणि डोळ्यांची तपासणी ठेवा.

टाचेचा थेंब आणि आपला पावसाळा

आजार लक्षणांआधी पकडायचा तर एकच मार्ग: जन्मानंतर २४ तास उलटले की, शक्यतो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन जाड गाळणकागदाच्या कार्डावर टिपणं. गोव्याने २००८ साली सरकारी पातळीवर नवजात बाळांची अशी चयापचय तपासणी सुरू केली, देशात असं पाऊल उचलणाऱ्या पहिल्या राज्यांत आपण होतो. तरी बाळंतीण घरी निघण्याआधी विचारून घ्यावं, मग ते बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, असो की गावाजवळचं खासगी नर्सिंग होम. टाचेचं रक्त घेतलं का, एवढंच विचारू नका. यादीत बायोटिनिडेज आहे का, असं विचारा. तीनच आजारांची छोटी यादी असते, तिच्यात थायरॉइड, अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा एक विकार आणि जी-सिक्स-पीडी (लाल रक्तपेशींतल्या एका एन्झाइमाची कमतरता) एवढंच येतं. बायोटिनिडेज मोठ्या यादीत असतं. बाळाला रक्त चढवायचं असेल तर थेंब आधी घ्यायला हवेत, कारण चढवलेल्या रक्तात दात्याचं एन्झाइम असतं आणि मग अहवाल खोटाच चांगला येतो.

प्रयोगशाळेत चाचणी होते ती रंगावर. कार्डातून टाचणीच्या डोक्याहून थोडी मोठी टिकली कापतात, तिच्यावर बायोटिन जोडलेलं एक रसायन घालतात. एन्झाइम जिवंत असेल तर ते बायोटिन तोडतं आणि पुढच्या रसायनांनी द्राव जांभळा होतो. एन्झाइम नसेल तर द्राव गवती पिवळसरच राहतो. पाहायला अगदी साधं.

पण एन्झाइम हे प्रथिन आहे, ते उष्णतेने आणि दमटपणाने मरतं. आणि आपण राहतो गोव्यात. वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस, जूनपासून भिंती घाम गाळतात, मिठाच्या बरणीत पाणी सुटतं. वाळपईच्या किंवा काणकोणच्या बाजूला घेतलेलं कार्ड नीट वाळण्याआधीच प्लास्टिकच्या पिशवीत गेलं, किंवा मे महिन्यात कुरियरच्या बंद गाडीत दुपारभर तापलं, तर निरोगी बाळाचंही एन्झाइम कार्डावरच निकामी होतं. अहवाल येतो 'कमी'. आई-बापांची झोप उडते. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांत आणि कावीळ झालेल्या बाळांतही आकडा खाली येऊ शकतो.

कार्ड आडवं ठेवून, उन्हात न धरता, कशालाही न टेकवता तीन-चार तास वाळवायचं, मग दमटपणा शोषणाऱ्या पुडीबरोबर बंद पाकिटात घालून शक्य तितक्या लवकर पाठवायचं, असा नियम आहे. नर्सबाईंवर कामाचा डोंगर असतो हे मला दिसतं, पण या एका कागदापायी कुणाच्या तरी घरात महिनाभर रडारड होते.

पहिला अहवाल 'कमी' आला म्हणजे निदान झालं असं नाही. मग शिरेतून रक्त घेऊन एन्झाइम मोजतात. चांगली प्रयोगशाळा बाळाच्या नमुन्याबरोबर आई-वडिलांचं आणि एका नात्याबाहेरच्या निरोगी माणसाचं रक्तही मागते. त्या परक्याचं रक्त कशाला, असं पालकांना वाटतं. तोच तर पहारेकरी आहे: त्याचंही एन्झाइम कमी निघालं तर समजायचं की नमुना वाटेत तापला, बाळाचा दोष नाही. आई-वडील वाहक असतील, म्हणजे त्यांच्यात जनुकाची एकच प्रत सदोष असेल, तर त्यांचा आकडा सामान्याच्या जवळपास निम्मा येतो, त्यानेही निदानाला आधार मिळतो. जनुकाची तपासणी त्यानंतर, गरजेप्रमाणे.

या सगळ्यात दोन-तीन आठवडे जाऊ शकतात. तेवढ्या काळात डॉक्टर बहुधा गोळी सुरू करूनच टाकतात. गोळीने एन्झाइमचा आकडा बदलत नाही, आणि निदान चुकीचं निघालं तर गोळी थांबवता येते. वाट पाहत बसण्यात मात्र धोका आहे.

जगभराच्या आकड्यांनुसार तीव्र आणि आंशिक मिळून साधारण ६०,००० बाळांमागे एकाला ही कमतरता असते. गोव्यात वर्षाला वीस हजारांच्या आतबाहेर बाळं जन्मतात. याच दराने हिशेब केला तर साधारण तीन वर्षांत एखादं बाळ. म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक डॉक्टरांनी असा रुग्ण प्रत्यक्षात पाहिलेलाही नसतो, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

केसांवाल्यांनाही लागू असलेली एक गोष्ट

रक्ताच्या कितीतरी चाचण्यांत प्रयोगशाळा बायोटिनचाच चिकटपणा वापरते. अ‍ॅव्हिडिनच्या जातीचं एक प्रथिन आणि बायोटिन यांच्या पकडीवर ती यंत्रं चालतात. रक्तात गोळीचं बायोटिन भरपूर असेल तर यंत्र चकतं. थायरॉइडचा टीएसएच खोटाच कमी आणि थायरॉइडचं संप्रेरक खोटंच जास्त दिसू शकतं, म्हणजे निरोगी माणसाला थायरॉइड वाढल्याचं निदान. हृदयविकाराच्या झटक्यात पाहतात तो ट्रोपोनिन खोटाच कमी येऊ शकतो, आणि हे जिवावर बेततं. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने नोव्हेंबर २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला, त्यात अशा चुकीनंतर झालेल्या एका मृत्यूचाही उल्लेख होता. केसांसाठी घेणाऱ्याने चाचणीआधी डॉक्टरला सांगून गोळी दोन-तीन दिवस थांबवावी. बायोटिनिडेजच्या मुलाने मात्र आपल्या मनाने एक दिवसही थांबवू नये. लॅबच्या फॉर्मवर ठळक लिहावं, 'रोज बायोटिन १० मिलिग्रॅम', आणि दुसऱ्या पद्धतीने चाचणी करता येते का ते विचारावं.

कुणाकडून आलं

दोघांकडून. हा आजार व्हायला जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष लागतात, एक आईची, एक वडिलांची. एकच प्रत सदोष असलेला माणूस वाहक असतो, त्याला कसलाही त्रास होत नाही, आणि त्याला हे ठाऊकही नसतं. दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार असण्याची शक्यता चारात एक. पहिलं आजारी झालं म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब नाही. दर वेळी नव्याने चारात एक. सुनेच्या माहेरच्या रक्ताला दोष देणारी सासू मी पाहिली आहे. तिच्या मुलाच्या रक्तातही तीच प्रत होती, आणि ती त्याच्याकडे त्याच्या आई-वडिलांपैकीच एकाकडून आलेली असणार, हे तिला सांगायची कुणाची छाती झाली नाही. जवळच्या नात्यात लग्नं होतात तिथे दोघेही वाहक असण्याची शक्यता वाढते, पण नातं नसलेल्या जोडप्यांतही हा आजार होतो.

घरात एक मूल सापडलं की त्याच्या भावंडांचीही तपासणी करायची, ती कितीही धडधाकट असोत. पहिलीत जाणारी ताई पूर्ण निरोगी दिसते आणि तिचं एन्झाइम शून्याच्या जवळ निघतं, असं होऊ शकतं. बाळाच्या तपासणीमुळे आपलीच कमतरता कळलेले मोठे पालकही नोंदले गेले आहेत. अशा ताईलाही गोळी सुरू करायची. पुढचं बाळ होणार असेल तर प्रसूतीआधीच डॉक्टरला आणि इस्पितळाला कळवून ठेवा. बाळ जन्मलं की रक्ताचा आणि लघवीचा नमुना काढून ठेवायचा, आणि अहवाल येण्याआधीच पहिली पूड चमचाभर दुधातून द्यायला डॉक्टर सांगतील. ती गोळी आणून ठेवायचं काम नवव्या महिन्यातच उरकावं. रात्री दोनला कुठली फार्मसी उघडी आहे हे शोधत फिरण्यात अर्थ नाही.